प्रवाळाचे दुखणे ओळखताना

काचेच्या टाकीतला मासा आजारी पडला की तो सैरभैर पोहतो, कोपऱ्यात जाऊन बसतो, अंग घासतो. प्रवाळ असे काहीच करत नाही. आधी त्याच्या पॉलिपांचे संस्पर्शक दिवसाढवळ्या आत ओढलेले राहतात. मग रंग फिका पडतो किंवा उलट काळपट तपकिरी होतो. नंतर बुडाकडून मांसल थर मागे सरकू लागतो आणि खालचा पांढराफटक सांगाडा उघडा पडतो. यातले प्रत्येक लक्षण पाण्याची क्षारता बिघडली तरी दिसते, तापमान चढले तरी दिसते, प्रकाश कमी पडला तरी आणि जास्त झाला तरीही. प्रवाळाकडे तक्रार करण्याचे मार्ग मोजकेच, आणि तक्रारीची कारणे मात्र डझनभर. त्यामुळे घरात प्रवाळ जगवण्याचा इतिहास हा बराचसा निदानाचा इतिहास आहे. हवा, मीठ, घाण, प्रकाश, चुना आणि सरतेशेवटी अतिस्वच्छता, अशी आरोपींची यादी गेल्या पावणेदोनशे वर्षांत लांबत गेली. बहुतेक आरोप खरेही होते. प्रत्येक उपायाने एक दुखणे हटवले आणि त्याच्याआड दडलेले दुसरे उघडे केले.

पहिली नोंद लंडनची आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन या डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्की इथे गेल्या होत्या. त्यांचे पती लॉर्ड जॉन थिन हे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे उपडीन. टॉर्कीच्या खडकांवर थिनबाईंना छोट्या पेल्यासारखी प्रवाळे सापडली, ती त्यांनी एका दगडी बरणीत घालून लंडनला आणली. पाणी सगळ्या बाजूंनी खेळावे म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचली. समुद्राचे ताजे पाणी दरवेळी मिळणे शक्य नव्हते. तेव्हा जुनेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, असा उपाय निघाला. हे काम घरातल्या एका लहान मोलकरणीकडे होते. तिला त्यात मौज वाटे, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. मोलकरणीचे स्वतःचे मत कुठे नोंदलेले नाही. आज टाकीत जो हवेचा किंवा प्रवाहाचा पंप बसवतात, त्याचे पहिले रूप म्हणजे या मुलीचे दोन हात. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात जिवंत समुद्री शेवाळ ठेवले आणि ओताओतीचे काम हलके झाले. त्यांची प्रवाळे नुसती जगली नाहीत, त्यांना पिल्लेही झाली. ही निरीक्षणे १८५९ मध्ये ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझीन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या नियतकालिकात छापून आली.

त्याच सुमारास, १८४९–५० मध्ये, लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यातले दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोलाचे तत्त्व मांडले. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तो घेतो, गोगलगाय सडका पाला खाते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. त्यानंतर इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत समुद्री टाक्यांची साथच आली.

गॉस यांनी याच काळात कृत्रिम समुद्रजलाची पाककृती तयार केली. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. कृतीत चारच क्षार होते: साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात चुन्याचे प्रमाण तुलनेने थोडे, म्हणून ते वगळले तरी चालेल असा त्यांचा हिशेब होता. समुद्रफुलांच्या बाबतीत तो खपून गेला, कारण त्यांना सांगाडा नसतो. पण प्रवाळ आपले घर चुन्याचेच बांधते. त्याला कॅल्शियमविना ठेवणे म्हणजे गवंड्याला विटांविना कामावर बोलावणे. ही उणीव त्या काळी ठळक झाली नाही, कारण दिवाणखान्यातले प्राणी बहुधा इतके दिवस जगतच नसत.

व्हिक्टोरियन यशामागे आणखी एक नशीब होते, ते पुष्कळ वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. थिनबाईंचे पेलाप्रवाळ थंड समुद्रातले होते आणि उष्ण समुद्रातल्या प्रवाळांसारखे त्याच्या शरीरात शैवाल नसते. ते पकडून खाल्लेल्या अन्नावर जगते. उजेड असला काय, नसला काय, त्याचे अडत नाही. उलट त्या काळच्या टाक्यांना उजेडाचा त्रासच होई: बाजूने ऊन आले की काच हिरवी होई आणि पाणी तापे. म्हणून प्रकाश फक्त वरून घ्यावा, मागची बाजू तिरपी व अपारदर्शक असावी, असे नियम झाले. विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड यांनी १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात दर्शनी टाक्यांखाली कितीतरी मोठा अंधारा हौद बांधला आणि त्यातले गार पाणी सतत फिरते ठेवले. नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्राच्या मत्स्यालयातही त्यांचा सल्ला घेतला गेला. थंड समुद्राच्या जीवांसाठी हे सगळे चोख होते. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळाला मात्र याच नियमांनी ठेवले असते, तर ते उपाशी मेले असते.

दिवाणखान्यातली हौस १८६० च्या दशकात ओसरली. टाक्या माळ्यावर गेल्या, पण किनाऱ्याचे नुकसान भरून आले नाही. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ च्या ‘फादर अँड सन’मध्ये डेव्हनच्या खडकांमधली डबकी हौशी लोकांनी कशी ओरबाडून रिकामी केली, याची खंत मांडली आहे. त्या लाटेला सुरुवात करून देणाऱ्यांत वडीलही होते, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

उष्ण समुद्रातल्या प्रवाळाचे कोडे मत्स्यालयांत सुटले नाही. ते प्रयोगशाळांत आणि प्रत्यक्ष प्रवाळभित्तींवर सुटले. १८८१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी अनेक समुद्री प्राण्यांच्या शरीरात दिसणाऱ्या पिवळ्या-तपकिरी पेशी स्वतंत्र शैवाल आहेत, असे सांगून त्यांना नाव दिले. त्या तिथे काय करतात, यावर मात्र पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे वाद चालला. १९२८–२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आयल्स बेटांवर वर्षभर तळ ठोकून होती. याँग यांनी प्रवाळे अंधारात ठेवली. शैवाल नाहीसे झाले, तरी खाऊ घातलेली प्रवाळे जगली. त्यावरून प्रवाळ शुद्ध मांसाहारी आहे, शैवाल फार तर त्याचा उकिरडा साफ करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पाणी फार तापले की प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकते, हेही याच मोहिमेत दिसले. आज ज्याला विरंजन म्हणतात त्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ती एक.

याँग यांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष तेवढा चुकला. १९५८ मध्ये लेनर्ड मस्कॅटिन आणि कॅडेट हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून समुद्रफुलात शैवालाने बनवलेले अन्न यजमानाच्या ऊतींत पोचते, हे दाखवले. पुढच्याच वर्षी जमैकात काम करणाऱ्या थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून सिद्ध केले की प्रवाळ उजेडात अंधारापेक्षा कितीतरी वेगाने सांगाडा रचते. हे शैवाल म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या कशाभिकांच्या गटातले जीव असल्याचे सिरो कावागुती यांनी १९४० च्या दशकात पलाऊच्या जपानी संशोधन केंद्रातल्या कामावरून सांगितले होतेच. आता चित्र स्पष्ट झाले. भित्ती बांधणारे प्रवाळ एकाच वेळी प्राणी, बाग आणि दगडाची खाण असते. टाकीत त्याला जगवायचे तर तिन्हींची सोय लागते, आणि यांतले नेमके कोणते कोलमडले, तेच निदानात शोधायचे असते.

हौशी लोकांपर्यंत हे ज्ञान झिरपायला आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली. १९५० ते १९७० च्या दरम्यान युरोप-अमेरिकेतल्या घरगुती समुद्री टाक्यांचे रूप आज पाहिले तर विचित्र वाटते. आत रंगीत मासे, आणि सजावटीला ब्लीचमध्ये धुऊन पांढरेशुभ्र केलेले प्रवाळांचे सांगाडे. जिवंत प्रवाळ ठेवता येत नाही, हे गृहीतच होते. टाकीच्या तळाशी खडी, खडीखाली जाळी, आणि पाणी खडीतून खाली ओढले जाई. खडीवर वसलेले जिवाणू माशांच्या उत्सर्गातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलत. मातीतल्या जिवाणूंचे हे कसब सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमाराला उलगडले होते. अमोनिया माशांना मारतो, नायट्रेट बरेच सोसवते. म्हणून मासे जगू लागले. शिवाय माशांच्या अंगावरच्या परजीवींवर तांब्याचे क्षार हा हुकमी इलाज होता. ज्या मात्रेत मासा बरा होतो, त्या मात्रेत कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मरतात. वर चुनखडीची खडी आणि सांगाडे तांबे धरून ठेवतात. त्यामुळे एकदा औषध घातलेल्या टाकीत पुढे प्रवाळे का टिकत नाहीत, हे अनेकांना उमगतच नसे. पाणी तर स्वच्छ दिसायचे.

याच काळात दोन माणसांनी जिवंत प्रवाळ सहज जगते हे दाखवून दिले, पण दोघांचीही मदार त्यांच्या जागेवर होती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रने कताला यांनी १९५६ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या नुमेया शहरात मत्स्यालय उभारले. समुद्राचे पाणी न गाळता सरळ टाक्यांत यायचे आणि परत जायचे. वर उष्ण कटिबंधातले ऊन. अतिनील प्रकाशात तिथली प्रवाळे हिरवी, नारिंगी, लाल चमकतात हे त्यांनी जगाला दाखवले. त्यांचे ‘कार्नाव्हाल सू ला मेर’ हे पुस्तक १९६४ सालचे. दुसरे जकार्ताचे ली चिन एंग. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका मत्स्यपालन मासिकात त्यांनी आपल्या ‘निसर्गाच्या पद्धती’वर लेख लिहिला. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, म्हणजे जिवाणू, किडे आणि शेवाळ यांनी गजबजलेले दगड, थोडी हवा आणि भरपूर ऊन. गाळणी नाही, जाळी नाही, यंत्र नाही. हा लेख वाचून उत्तरेकडच्या शहरांतल्या लोकांनी तसेच करून पाहिले, पण खडक आणता येतात, जकार्ताचे ऊन आणता येत नाही. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात ही पद्धत चालणे कठीणच होते. खडक हीच खरी गाळणी, ही ली यांची कल्पना मात्र बरोबर होती. ती मान्य व्हायला वीस वर्षे लागली.

ती मान्य झाली जर्मन भाषकांमध्ये. पीटर विल्केन्स यांचे अपृष्ठवंशी प्राण्यांवरचे पुस्तक १९७३ चे. त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला: प्रखर प्रकाश आणि चुन्याची निवळी. महाराष्ट्रात निवळी म्हटली की कोहळ्याचा पेठा आठवतो. प्रवाळपालनात तिचे काम वेगळे. विझवलेला चुना पाण्यात घालून ढवळायचा, साका बसला की वरचे नितळ पाणी घ्यायचे आणि बाष्पीभवनाने टाकीतले पाणी जेवढे कमी होते तेवढे थेंबथेंब भरायचे. यातून कॅल्शियम मिळतेच; शिवाय निवळीतला हायड्रॉक्साइड पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून बायकार्बोनेट बनतो. प्रवाळाला दगड घडवायला हीच दोन द्रव्ये लागतात आणि निवळीतून ती हव्या त्या प्रमाणातच येतात. विरघळलेल्या फॉस्फेटचा काही भागही तिच्यामुळे खाली बसतो. धोका एवढाच की संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. घाईने ओतली तर पीएच एकदम उसळतो आणि टाकीत बर्फ पडल्यासारखा पांढरा साका दिसतो. म्हणून ती रात्री, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचलेला असताना, थेंबाने द्यायची.

पश्चिम बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी १९८० च्या दशकात हे सगळे एकत्र आणले: जिवंत खडक, निवळी, धातू-हॅलाइडचे प्रखर दिवे आणि स्किमर. स्किमर ही पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर सेंद्रिय घाण काढून टाकणारी नळी. दूध उतू जाताना साय वर येते तशी घाण फेसावर येते आणि सडण्याआधीच बाहेर पडते. याला बर्लिन पद्धत हे नाव पडले. या मंडळींतल्या डिट्रिश स्टुबर यांच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्या तोडून मित्रांना दिल्या गेल्या, त्यांच्या टाक्यांतून पुढे आणखी मित्रांकडे, असे करत ते एकच प्रवाळ युरोपभर पसरले. फांदी तोडून लावायची ही रीत जास्वंदीच्या फांदीपेक्षा वेगळी नाही. अशा तुकड्याला हौशी लोक फ्रॅग म्हणतात.

अमेरिका त्या वेळी दुसऱ्याच वाटेने चालली होती. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी-रीफ’ची लाट आणली. त्यात पाणी प्लास्टिकच्या गोळ्यांवरून झिरपत खाली येई. गोळ्यांवर जिवाणू, भोवती भरपूर हवा. अमोनिया क्षणात संपे आणि नायट्रेट तेवढ्याच वेगाने साचे, कारण नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायूविरहित जागा लागते आणि गोळ्यांवर ती नव्हती. सुरुवातीचे काही महिने टाकी देखणी दिसायची. मग केसांसारखे हिरवे शेवाळ खडकांवर चढायचे आणि प्रवाळाच्या फटींत घुसायचे. दरम्यान कॅल्शियमही संपत असे, पण ते मोजायची सवय तेव्हा कोणालाच नव्हती. उपाय निरनिराळ्या दिशांनी आले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास शेवाळालाच वेगळ्या ताटात वाढवून त्याच्याकडून पाणी शुद्ध करून घेतले. मोनॅकोमध्ये जाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट जिरवला. जूलियन स्प्रंग आणि चार्ल्स डेल्बीक यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’चा पहिला खंड १९९४ साली आला, तोवर बर्लिनची पद्धत अटलांटिकपार रुजली होती.

आता प्रवाळे वाढू लागली आणि वाढीचेच दुखणे सुरू झाले. फांद्यांनी भरलेली टाकी कॅल्शियम इतके भराभर शोषते की निवळी पुरेनाशी होते. मग प्रवाळाचीच खडी कार्बन डायऑक्साइडने विरघळवणारे रिअ‍ॅक्टर आले, पुढे मोजून क्षार घालण्याच्या पद्धती आल्या. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचे माप, जर्मन मापाने ७ अंशांच्या आसपास असते. आकडे गाठणे तितकेसे कठीण नसते, स्थिर ठेवणे कठीण. अल्कलिनिटी आठवड्यात दोन-तीन अंशांनी वरखाली झाली की अ‍ॅक्रोपोराची टोके जळल्यासारखी पांढरी पडतात आणि बुडाकडून ऊती सुटू लागते. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही घालूनही चढत नसतील तर बहुधा मॅग्नेशियम कमी असते. मॅग्नेशियम चुन्याचे स्फटिक वाढू देत नाही. ते उतरले की घातलेला चुना प्रवाळाला मिळण्याऐवजी पंपावर आणि हीटरवर जमतो. मागे वळून पाहिले, तर गॉस यांच्या चार क्षारांतून सुटलेला पाचवा आता सगळ्या पालनाच्या मधोमध येऊन बसला होता.

प्रकाशाचेही असेच झाले. आधी तो कमी पडत होता, मग जास्त झाला. हॅलाइड दिव्याची संरक्षक काच फुटली आणि कोणी तसाच दिवा चालवला, तर अतिनील किरणांनी प्रवाळे एका दिवसात भाजत. यापेक्षा फसवे प्रकरण कोळशाचे. जुन्या टाकीतले पाणी सेंद्रिय द्रव्यांनी हळूहळू पिवळसर होते, रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. एके दिवशी पाणी स्वच्छ करावे म्हणून सक्रियित कोळशाची मोठी पिशवी टाकली जाते, दोन दिवसांत पाणी लख्ख होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवाळे पांढरी पडतात. दोष कोळशाला दिला जाई, त्यातून काहीतरी विष उतरले असा संशय घेतला जाई. खरे कारण म्हणजे पिवळे पाणी पडद्यासारखे निळा आणि अतिनील प्रकाश अडवत होते आणि तो पडदा एका रात्रीत निघाला. एलईडी दिवे आले तेव्हा तीच चूक नव्या रूपात झाली. हे दिवे डोळ्यांना मंद निळे वाटतात, शैवालाला मात्र नेमका हाच प्रकाश लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच पूर्ण तीव्रतेने लावलेल्या दिव्यांनी कित्येक टाक्या विरंजित केल्या. प्रकाशमापक यंत्राने मोजून, आठवड्या-आठवड्याने तीव्रता वाढवणे हा धडा त्यातून आला.

या इतिहासातले सर्वांत उपरोधिक प्रकरण स्वच्छतेचे. नायट्रेट आणि फॉस्फेट वाईट, हे नव्वदच्या दशकात इतके पक्के ठसले की ते शून्यावर आणण्याची चढाओढ लागली. फॉस्फेट शोषणारी लोहाची खडी आली. २००० नंतर जर्मनीतून टाकीत मोजून व्होडका घालण्याची पद्धत आली. तिने जिवाणू फोफावतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातात आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. रसायनदृष्ट्या ही युक्ती बिनचूक आहे. पण काही टाक्यांत प्रवाळे आधी दुधी गुलाबी, मग पारदर्शक आणि शेवटी पांढरी झाली. ऊतीचा थर कागदासारखा पातळ झाला. शैवालालाही खत लागते, हे विसरले गेले होते. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रयोगशाळेतल्या प्रवाळांवर दाखवले की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरे असेल तर शैवालाची घडण बिघडते आणि प्रवाळ उष्णता व प्रखर प्रकाश यांना लवकर बळी पडते. २०१७ च्या त्यांच्या पुढच्या कामाने दोष फॉस्फरसच्या तुटवड्याकडे अधिक नेमकेपणाने नेला. हौशी लोकांच्या चाचणीपेटीवर शून्य हा आकडा तोवर अभिमानाचा होता, नंतर तो धोक्याचा ठरला. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळ वाढते. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. नितळ निळे पाणी ही प्रवाळाची एकमेव अट नव्हे, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे.

पाण्याचे सगळे आकडे बरोबर असूनही प्रवाळ मरते तेव्हा भिंग काढावे लागते. अ‍ॅक्रोपोरावर जेमतेम अर्धा मिलिमीटरचे लालसर किडे असतात, कवचधारी वर्गातले. ते दिसले तरी धुळीचे कण वाटतात. २००० च्या दशकात त्यांच्यावर कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांसाठी पशुवैद्य देतात ते मिल्बेमायसिन ऑक्झिम हे औषध लागू पडले. टाकीतले खेकडे आणि कोळंब्याही त्याने मरतात, म्हणून त्यांना आधी हलवावे लागते. दुसरा शत्रू चपटकृमी. तो ज्या फांदीवर बसतो तिचाच रंग घेतो, मागे गोल चावे सोडतो आणि अंडी सांगाड्याच्या उघड्या भागावर घालतो. औषधी पाण्यात बुडवल्यावर कृमी गळून पडतात, अंडी तशीच राहतात. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते २०११ मध्ये, मत्स्यालयांतल्या नमुन्यांवरून. समुद्रात तो त्यानंतर सापडला. हौशी लोकांनी वर्षानुवर्षे ज्याचा शाप भोगला, तो प्राणी विज्ञानाला ठाऊकच नव्हता. स्टुबर यांची फांदी ज्या देवघेवीतून युरोपभर गेली, त्याच देवघेवीतून हे किडेही गेले. नवे प्रवाळ वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवणे, अंड्यांचा भाग तोडून टाकणे, या सवयी त्यानंतर लागल्या.

तासा-दोन तासांत ऊतीचे लोळच्या लोळ सुटून जाणे हे त्याहून भीतिदायक. नव्वदच्या दशकात त्यावर क्लोरॅम्फेनिकॉलसारखी प्रतिजैविके वापरून पाहिली गेली, कधी गुण आला, कधी नाही. निरोगी फांद्या वेळेत तोडून दुसरीकडे लावणे हाच बऱ्याचदा खात्रीचा इलाज राहिला. २०१० नंतर टाकीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तीसेक मूलद्रव्ये एकदम मोजून घेण्याची सोय झाली, आणि गूढ मृत्यूंपैकी काहींचा माग गंजलेल्या चुंबकापर्यंत, तडकलेल्या पंपापर्यंत किंवा नळाच्या पाण्यातल्या तांब्यापर्यंत लागला.

प्रवाळांच्या व्यापारावर बंधने आली ती १९९० पासून. भित्ती बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याने चालतो. भारताने त्याहून कडक भूमिका घेतली. २००१ पासून दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. मालवणच्या समुद्रातून खडकावरचे जिवंत प्रवाळ खरवडून टाकीत ठेवणे हा त्यामुळे गुन्हा आहे.

बंधनांमुळे टाकीतच पैदास करण्याला महत्त्व आले. तुकडे तोडून वाढवणे सोपे, पण ती सगळी एकाच जीवाची नक्कल. प्रवाळ समुद्रात वर्षातून ठरावीक रात्री, चंद्राच्या कलेनुसार, अंडी आणि शुक्राणू सोडते. बंद टाकीत ते क्वचितच आणि कोणाच्या हिशेबात न बसता घडे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्स यांनी ऋतूंनुसार बदलणारे तापमान, सूर्यास्ताची वेळ आणि कृत्रिम चांदणे हे तिन्ही संगणकाने घडवून आणले आणि २०१३ मध्ये ठरवलेल्या वेळी प्रजनन घडवले. २०१७ च्या शोधनिबंधात चार अ‍ॅक्रोपोरा जातींची नोंद आहे. प्रवाळ निरोगी दिसत असूनही वंश वाढवत नव्हते, त्याचे कारण कोणत्याही चाचणीपेटीत सापडणारे नव्हते: त्याला चंद्र दिसत नव्हता.

ही पद्धत पुढे फ्लोरिडात गेली. तिथे २०१४ मध्ये मायामीजवळ दगडी प्रवाळांची ऊती नष्ट करणारा रोग प्रथम दिसला आणि काही वर्षांत सगळ्या भित्तीवर पसरला. तेव्हा निरोगी वसाहती उचलून देशभरातल्या मत्स्यालयांत आश्रयाला ठेवल्या गेल्या आणि २०१९ मध्ये टॅम्पाजवळच्या एका केंद्रात स्तंभप्रवाळाने टाकीत अंडी सोडली. समुद्रात उरलेल्या वसाहतींच्या जखमेभोवती पाणबुडे अमॉक्सिसिलिन मिसळलेला लेप हाताने लावतात. लेप लावलेली जखम पुष्कळदा थांबते. त्याच वसाहतीवर दुसरीकडे नवी जखम उघडू शकते. रोगाचे नेमके कारण असलेला जंतू अजून निश्चित झालेला नाही.